जुन्या वॅगन-आरचं इंटिरियर घरीच नवं केलं, कसं ते पहिल्यापासून सांगतो

आमची वॅगन-आर २०१२ ची. इंजिन अजून ठणठणीत आहे पण आत बसलं की नको व्हायचं. छताचं कापड सुटून मागे बसणाऱ्याच्या डोक्याला लागायला लागलं होतं, डॅशबोर्ड वरून पांढुरका पडलेला, दारांना आतून चपलांचे काळे ओरखडे, आणि पावसाळा लागला की जो एक कुबट वास सुटायचा तो कुठल्याच परफ्यूमने जात नव्हता. गाडी विकायची चर्चा घरात चालू होती पण बाबांचा जीव या गाडीत आहे आणि माझाही आहे, म्हणून म्हटलं आतलं सगळं आपणच करू. दिवाळी झाल्यावर सुरू केलं, दर शनिवार-रविवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि संक्रांतीच्या सुमारास संपलं.

बरेच जण सुरुवात उलट्या टोकाकडून करतात, म्हणजे आधी सीट कव्हर, मग स्टीयरिंग कव्हर, मग लाइट्स. कारण ते लगेच दिसतं. पण गाडीत पाणी मुरत असेल तर वरून काहीही केलं तरी पुढच्या श्रावणात वास परत येतो, आणि ज्या सीटवर पंधरा हजार घातले त्या परत काढाव्या लागतात. म्हणून क्रम असा धरा: आधी पाणी आणि फ्लोअर, मग छत, मग प्लास्टिकचा रंग, सीट सगळ्यात शेवटी. या क्रमाचा अजून एक फायदा आहे. छतासाठी पिलरची ट्रिम, म्हणजे काचांमधल्या खांबांवरची प्लास्टिकची झाकणं, काढावीच लागते आणि फ्लोअरसाठी सीट काढाव्या लागतात, तर एकदा उघडलं की त्यातच जी जी कामं होऊ शकतात ती उरकून घ्यायची, क्लिप परत परत काढल्या की तुटतात.

कधी करायचं

दिवाळी ते होळी, बस्स. पावसाळ्यात स्प्रे मारला की हवेतला दमटपणा ओल्या रंगावर बसतो आणि रंग दुधासारखा पांढरट होतो, पेंटर लोक म्हणतात रंग ब्लश झाला. छताच्या कापडाचा गोंदही दमट हवेत नीट पकडत नाही. आणि एप्रिल-मेच्या दुपारी रंग प्लास्टिकवर पोचायच्या आधीच हवेत सुकतो, हाताला पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी तर डिसेंबर-जानेवारीच पकडा, आणि स्प्रेचं काम सकाळी दव उडाल्यावर दहा ते दुपारी चार या वेळात.

जागा सावलीची पण उघडी हवी. बंद गॅरेजमध्ये रंग आणि गोंद फवारू नका, वाफ डोक्यात जाते आणि जवळ साधी ठिणगी पडली तरी पेट घेऊ शकते. सोसायटीत असाल तर शेजारच्या गाड्यांच्या मालकांना आधी सांगा, स्प्रेचे कण वाऱ्यावर लांबपर्यंत जातात. मी सुटे भाग सगळे गच्चीवर नेऊन रंगवले.

सामान

पाने १०, १२ आणि १४ चे सॉकेट एक्स्टेन्शन रॉडसकट, एक चांगला फुली स्क्रू ड्रायव्हर, आणि प्लास्टिकची उचकटणी. ही उचकटणी शंभर-दोनशे रुपयांत पूर्ण सेट मिळतो, तो घ्याच. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने ट्रिम उचकटली की कडेला कायमचा व्रण पडतो. झिप लॉकच्या छोट्या पिशव्या आणि मार्कर पेन घ्या, प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, वर मराठीत सरळ लिहा "ड्रायव्हर दार, खालचे ३". आणि काहीही काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. मी पहिल्या दिवशी आळस केला आणि दोन स्क्रू कुठले ते शोधण्यात पुढचा एक अख्खा रविवार गेला.

सुटे सामान पुण्यात असाल तर नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळून जातं. तुटलेल्या क्लिपच्या जागी नवीन क्लिप आधीच वीसेक घेऊन ठेवा, त्या लागणारच.

मास्कबद्दल नीट वाचा. कोविडमध्ये वापरायचो तो एन-९५ धुळीसाठी ठीक आहे पण तो थिनरची आणि रंगाची वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बन कार्ट्रिजवाला मास्क लागतो. आणि हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा रंग घरी फवारूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना कायमचं नुकसान करू शकतं.

आधी बॅटरी

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि निदान दहा मिनिटं थांबायचं. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत, पण तुमच्या गाडीत असतील तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. एअरबॅगच्या सिस्टीममध्ये बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ चार्ज राहतो. सीटखाली, स्टीयरिंगखाली, पिलरमध्ये पिवळ्या रंगाचे कनेक्टर किंवा पिवळी नळी दिसली की समजायचं हे एअरबॅगचं किंवा धडकेच्या वेळी बेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरचं आहे, त्यात मल्टिमीटर घालायचा नाही, वायर कापायची नाही. सीट काढण्यापुरता कनेक्टर सोडवावा लागतो, तो सोडवलेला असताना इग्निशन ऑन करू नका, नाहीतर मीटरवर एअरबॅगचा लाइट लागतो आणि तो घालवायला स्कॅनर असलेल्या माणसाकडे जावं लागतं.

स्टीयरिंगचं मधलं पॅड आणि डॅशबोर्डवरचं पॅसेंजर एअरबॅगचं झाकण यांना रंग नाही, फिल्म नाही, वरून चिकटवलेली मूर्तीसुद्धा नाही. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटून उघडायला बनवलेलं असतं, त्यावर थर चढला तर कसं उघडेल सांगता येत नाही आणि मूर्ती तर सरळ तोंडावर येते. पडदा एअरबॅग (छताच्या कडेतून खिडक्यांवर उघडणारी) असलेल्या गाडीचं छत आणि पिलरची ट्रिमसुद्धा घरी उघडू नका.

फ्लोअर आणि पाणी

वॅगन-आरच्या पुढच्या डाव्या सीटखाली तो सामानाचा ट्रे असतो, तो आधी उचलून बाहेर काढा म्हणजे मधली जागा मोकळी होते. सीट पूर्ण मागे सरकवा, पुढचे दोन बोल्ट काढा, मग पूर्ण पुढे सरकवून मागचे दोन. सीट जड असते आणि रेलच्या कडा धारदार असतात, दाराच्या रंगाला लागू नये म्हणून उंबरठ्यावर जुनी चादर टाका आणि शक्यतो दोघांनी मिळून उचला. मागच्या सीटचा बसायचा भाग पुढच्या कडेला वर ओढला की बऱ्याच गाड्यांत क्लिपमधून सुटतो, काहींत बोल्ट असतात, ओढून निघत नसेल तर जोर लावू नका, बोल्ट शोधा.

मग दाराच्या उंबरठ्याच्या पट्ट्या, मग मधला कन्सोल, आणि मग कार्पेट. आमच्या गाडीत कार्पेटच्या वर रेक्झिनचं मॅटिंग टाकलेलं होतं, गाडी घेतली तेव्हाच ॲक्सेसरीच्या दुकानात करून घेतलेलं, आपल्याकडे जवळपास प्रत्येक गाडीत असतं. वरून स्वच्छ दिसतं म्हणून लोक टाकतात पण एकदा त्याच्याखाली पाणी गेलं की वाळायला वाटच राहत नाही. मी ते उचललं तर खाली नमदा, म्हणजे कार्पेटखालचा जाड फेल्टचा थर, अजून ओला होता, नोव्हेंबर संपत आला तरी, आणि पिळला तर काळं पाणी निघालं. बारा वर्षांचा वास तिथे बसला होता.

आता हे पाणी येतं कुठून ते शोधायचं, आणि इथे घाई करू नका. डाव्या बाजूचा पुढचा पाय ठेवायचा भाग ओला असेल तर पहिला संशय एसीच्या ड्रेन पाइपवर. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतं ना, ते ज्या नळीतून येतं ती पानं-मातीने तुंबली की पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. पातळ लवचिक तार किंवा हलक्या हवेने साफ होते. दुसरी जागा म्हणजे पुढच्या काचेखालची जाळी, आंब्याखाली किंवा वडाखाली गाडी लावत असाल तर तिथे पानांचा चिखल साठतो आणि पाणी ब्लोअरमधून आत येतं. तिसरी जागा दार. दाराच्या काचेच्या फटीतून पाणी आत जाणारच, ते दाराच्या आतून खाली भोकांतून निघून जातं, आणि ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून ट्रिमच्या मागे एक प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट बुटिलने (रबरासारख्या सीलंटने) लावलेला असतो. स्पीकर बदलताना दुकानदार तो कागद बिनधास्त फाडतात आणि पावसाळ्यात मालक विचारत बसतो की पाणी कुठून येतंय. आमच्याही मागच्या उजव्या दाराचा कागद अर्धा फाटलेला निघाला. जाड प्लास्टिक कापून बुटिल टेपने नवीन लावला.

एकाला आत टॉर्च देऊन बसवा आणि बाहेरून बागेच्या पाइपने पाणी सोडा, जोरात नाही, पाऊस पडतो तसं, आधी खालून सुरू करून हळूहळू वर. प्रत्येक जागेला पाच मिनिटं द्या.

खालच्या पत्र्यावर गंज असेल तर तारेच्या ब्रशने खरवडा, रस्ट कन्व्हर्टर लावा, सुकल्यावर प्रायमर आणि वर रंग. जोडांवरचं सीलंट फाटलं असेल तर सीम सीलर भरा. पाना घुसेल इतका पत्रा कुजला असेल तर हे घरचं काम नाही, वेल्डिंग करून घ्या, सीटचे बोल्ट त्याच पत्र्याला धरलेले असतात.

कार्पेट गच्चीवर पसरून कपड्याच्या पावडरने ब्रश मारून धुवा, फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी मारा, कारण साबण राहिला की धूळ त्यालाच चिकटते. नमदा खराब असेल तर फेकून नवीन फेल्ट घाला, महाग नसतो. आणि वाळायला दोन दिवस म्हणजे दोन पूर्ण दिवस उन्हाचे, उलटसुलट करून.

कार्पेट बाहेर आहे तोवर पत्र्याला थरथर कमी करणारी डॅम्पिंग शीट लावायची असेल तर हीच वेळ. २ मिमीची बुटिलची, वर ॲल्युमिनियम असलेली घ्या. घराच्या छतावर टाकायची डांबरी शीट स्वस्त मिळते पण उन्हात वास मारते आणि मऊ होऊन ओघळते, ती गाडीत नकोच. पूर्ण पत्रा झाकायची काही गरज नाही, बोटाने टकटक करा, जिथे डब्यासारखा आवाज येतो तिथे मधोमध तुकडा लावून रोलरने दाबा, पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी पत्र्याची थरथर बरीच कमी होते. दारांना लावलीत तर खालची पाणी जायची भोकं बुजवू नका.

छत

हे सगळ्यात अवघड वाटतं आणि केल्यावर सगळ्यात जास्त समाधान देतं. कापड सुटतं त्याचं कारण गोंद नाही, कापडाच्या मागे जो पातळ फोम असतो तो उन्हाने आणि दमटपणाने भुगा होतो. त्यामुळे कापड उचलून मागे गोंद टोचणं, टाचण्या लावणं, स्टेपल मारणं हे सगळं चार महिन्यांचं काम, कारण गोंद धरणार कशाला, भुग्याला?

सन व्हायजर, हँडल, केबिन लाइट, मग पिलरची ट्रिम, मग दारांचं वरचं रबर बीडिंग थोडं ओढून बाजूला. शेवटच्या क्लिप काढताना खाली कुणीतरी दोन्ही हातांनी छताचा बोर्ड, म्हणजे कापड ज्यावर चिकटलेलं असतं तो, धरायला हवं. हा बोर्ड पुठ्ठ्यासारखा असतो, एकदा दुमडला की ती रेघ कायम दिसते. पुढच्या सीट काढलेल्याच आहेत म्हणून तो तिरका करून डिकीतून सरळ बाहेर येतो.

जुनं कापड ओढून काढा, आणि राहिलेला फोम नायलॉनच्या ब्रशने हलक्या हाताने घासून काढा. तारेचा ब्रश नको, बोर्डाचे तंतू उपटतात. पिवळा भुगा नाकातोंडात जातो, इथे एन-९५ चालेल. जुन्या फोमचा कण न् कण निघाला पाहिजे, कारण राहिलेली गाठ नवीन कापडातून पुरळासारखी दिसते. मला यालाच तीन तास लागले. बोर्ड कुठे तडकला असेल तर मागच्या बाजूने पातळ कापड आणि गोंद लावून बळकट करून घ्या.

कापड सीटवाल्यांकडे मीटरवर मिळतं, "रूफ लायनिंगचं फोमवालं" असं मागा, मागे ३-४ मिमी फोम असलेलंच हवं. साधं कापड लावलं तर बोर्डाची प्रत्येक खोट दिसते. बोर्डाचं माप घेऊन चारही बाजूंनी निदान ७-८ सेमी जास्त घ्या, खोलगट भागात कापड जास्त खातं. रंग फिका घ्या, करडा किंवा बेज. काळं छत फोटोत छान दिसतं पण आपल्या उन्हात आणि छोट्या गाडीत गुहेत बसल्यासारखं वाटतं, हे माझं मत, ज्याची त्याची आवड.

गोंद मात्र डब्यावर हीट रेझिस्टंट लिहिलेलाच, हेडलायनर (छताचं अस्तर) किंवा अपहोल्स्ट्रीसाठीचा. उन्हात उभ्या गाडीचं छत किती तापतं ते मे महिन्यात हात लावून बघा, साधा गोंद तिथे वितळतो.

आता लावायची पद्धत. कापड बोर्डावर बरोबर बसवून पसरा, मग अर्धं मागे दुमडा. बोर्डाच्या उघड्या अर्ध्या भागावर आणि कापडाच्या फोमवर, दोन्हीकडे गोंद मारा. बोर्डावर दोन हात, फोमवर एक हलका हात, कारण जास्त झाला तर तो फोम पिऊन टाकतो आणि डाग वर येतो. मग थांबा. बोट लावलं की चिकटेल पण बोटाला गोंद येणार नाही अशी अवस्था आली पाहिजे, साधारण पाच ते दहा मिनिटं, डब्यावर लिहिलेलं असतं. मग मधल्या रेषेपासून बाहेरच्या दिशेने हळूहळू तळव्याने बसवत जायचं. ताणायचं नाही! खोलगट भागात कापड ताणून पुलासारखं बसवलं तर पहिल्याच उन्हाळ्यात तिथून सुटतं, त्या खळग्यात आधी बोटांनी कापड आत घाला आणि मग पुढे चला. एक अर्धं झालं की दुसरं तसंच. मग कडा मागे वळवून चिकटवा, लाइट आणि हँडलच्या जागी फुलीसारखी छोटी चीर द्या, गोल कापून टाकू नका. चोवीस तास सपाट ठेवा आणि मगच गाडीत चढवा.

प्लास्टिकला रंग

इथे लोकांचं सगळ्यात जास्त बिघडतं आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, सिलिकॉन. वर्षानुवर्षं सर्व्हिसिंगमध्ये डॅशबोर्डला जो चकचकीत तेलकट पॉलिश मारतात त्यात सिलिकॉन असतं, ते पृष्ठभागावर बसून राहतं आणि त्यावर रंग मारला की रंग गोल गोल ठिपके सोडून बाजूला सरकतो. म्हणून साफसफाईला रंगाच्या तिप्पट वेळ द्या.

माझा क्रम असा होता. सुटे भाग गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून ब्रशने धुतले, दोनदा, कोपऱ्यांना जुना टूथब्रश. सुकवून राखाडी रंगाच्या स्कॉच ब्राइटने एकसारखं घासलं, चमक पूर्ण गेली पाहिजे. ओरखडे खोल असतील तर ४०० चा वॉटर पेपर, मग ६००, मग ८००, पण लक्षात घ्या की ज्या प्लास्टिकला चामड्यासारखं टेक्श्चर आहे तिथे पेपर मारला की टेक्श्चर जातं आणि ते परत येत नाही, तिथे फक्त स्कॉच ब्राइट. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दुकानात आयपीए म्हणून मिळतं ते, एका कापडाने लावायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसायचं, एकाच कापडाने घासत बसलं तर घाण फक्त इकडची तिकडे होते. थिनरने पुसू नका, काही प्लास्टिक त्यात चक्क विरघळतं.

परीक्षा अशी घ्या: भागावर पाणी ओता. पाणी सपाट पसरलं तर साफ झालं. थेंब थेंब होऊन पळालं तर अजून सिलिकॉन आहे, परत धुवा.

भागाच्या मागच्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो. पीपी (पॉलिप्रोपिलीन) असेल तर त्यावर साधा रंग धरतच नाही, कितीही घासा, त्याला पीपीसाठीचा प्लास्टिक प्रायमर आधी मारावाच लागतो. एबीएस (दुसरं एक कडक प्लास्टिक) असेल तर रंग सोपा धरतो, पण मी सरसकट सगळ्यांना प्रायमर मारला. हा प्रायमर पाण्यासारखा पातळ असतो, एक हलका हात पुरतो, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळातच वर रंग मारायचा, दुसऱ्या दिवशी नाही.

रंग म्हणजे बाहेरच्या बॉडीचा नाही. व्हिनाइल आणि प्लास्टिकसाठीचा मॅट स्प्रे मिळतो, तो पातळ बसतो आणि टेक्श्चर बुजवत नाही. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, दोन मिनिटं नीट हलवा, २०-२५ सेमीवरून, भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. पहिला हात इतका विरळ की खालचा रंग दिसला पाहिजे, तो बघून हात शिवशिवतो की अजून मारावा, मारू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. तीन-चार विरळ हात मारले की झालं. एका जाड हाताने ओघळ आला तर पूर्ण सुकवून, घासून परत सगळं.

आणि आधी प्रयोग करा. कुठलातरी न दिसणारा भाग, जसं ग्लोव्ह बॉक्सची आतली बाजू, तिच्यावर पूर्ण पद्धत करून दोन दिवसांनी सेलोटेप दाबून लावा आणि झटकन ओढा. टेपला रंग आला तर तयारीत चूक आहे, ती आत्ताच सापडलेली बरी.

डॅशबोर्डचा वरचा भाग गडद आणि मॅटच ठेवा, यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. तिथे फिका किंवा चकचकीत रंग दिला की दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि समोरचं दिसत नाही. दोन रंग करायचेच असतील तर फिका रंग खालच्या अर्ध्या भागाला. मी अख्खा डॅशबोर्ड काढलाच नाही, त्यात वायरिंग आणि एसीचं इतकं काही आहे की घरी करण्यात अर्थ नाही. सुटणारे भाग काढून रंगवले आणि वरचा भाग फक्त खोल साफ करून त्यावर पाण्यात मिसळलेला, तेलकट नसलेला यूव्ही प्रोटेक्टंट लावला. तेवढ्यानेच सत्तर टक्के पांढुरकेपणा गेला.

बटणांवरच्या खुणा मास्किंग टेपने झाका, नाहीतर एसीचं बटण कुठलं आणि मागच्या काचेचं कुठलं ते कळणार नाही. काही गाड्यांत बटणांना आणि हँडलना रबरासारखं मऊ कोटिंग असतं, ते दमट हवेत वर्षांनी चिकट होतं, हाताला काळं लागतं. त्यावर रंग मारू नका, आयपीए लावून ते कोटिंगच पूर्ण पुसून काढा, खालचं कडक प्लास्टिक बहुतेक वेळा चांगलं निघतं.

रंगानंतर आठवडाभर नख लावू नका, भाग घट्ट बांधून ठेवू नका.

सीट, स्टीयरिंग, लाइट

सीटचं शिलाईकाम मी स्वतः केलं नाही. कव्हर खेचून हॉग रिंगने (कव्हर धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्यांनी) बसवणं जमतं, पण माप घेऊन कापून जाड मशीनवर शिवणं ही वेगळी कला आहे, ते कारागिराला द्या. आपण इतकं करायचं की सीट सोडवून, जुनं कव्हर उतरवून, फोम बघून ठेवायचा. ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या कडेचा फोम नेहमी चेपलेला असतो, तिथे जास्त घनतेचा तुकडा चिकटवून घ्या, नाहीतर नवीन कव्हर सहा महिन्यांत त्याच जागी सैल पडतं.

कापड की रेक्झिन? गाडी दिवसभर उघड्यावर उभी असेल, विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल, तर माझं ऐका आणि चांगलं जाड कापड घ्या, किंवा निदान बसायची जागा भोकं असलेल्या मटेरियलची. लहान मुलांची, सांडासांडीची गाडी असेल तर रेक्झिन पुसायला बरं. सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर तिथे साधं कव्हर चालत नाही, ती शिवण फाटून एअरबॅग बाहेर यायची असते, त्या बाजूला मोकळं ठेवलेलं किंवा त्यासाठीच बनवलेलं कव्हर घ्या. मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक झाकले जाऊ देऊ नका.

स्टीयरिंगला वरून चढवायचं सैल कव्हर नको, वळताना हातात फिरतं. सुईने शिवायचं लेदर मिळतं, आधी स्टीयरिंगचा व्यास मोजा, ओढून ताणून बसेल इतकं घट्ट घ्या, आणि एक संध्याकाळ निवांत बसून शिवा. मेणाचा दोरा असेल तर तो वापरा.

पायाजवळच्या लाइट्स लावायच्या असतील तर कुठलीही वायर सोलून जोडू नका. फ्यूज टॅप घ्या, म्हणजे फ्यूजच्या जागेतून वेगळी वायर काढून देणारा तुकडा, चावीबरोबर चालू-बंद होणारी जागा टेस्टरने शोधा, ५ ॲम्पिअरचा फ्यूज घाला, आणि वायर पेडलच्या आसपास लोंबणार नाही अशी केबल टायने बांधा. रंग पिवळसर आणि मंद ठेवा, निळा रात्री डोळ्यांना त्रास देतो.

परत जोडताना

उलट्या क्रमाने, आणि प्रत्येक क्लिपच्या जागी आधी बघा की क्लिप ट्रिमलाच आहे, पत्र्यात राहिलेली नाही. जिथे प्लास्टिकला प्लास्टिक घासतं तिथे पातळ फेल्ट टेप लावा, किरकिर तिथूनच येते. सीटचे चारही बोल्ट आधी हाताने सुरू करा, चारही नीट धरले की मगच आवळा, आणि आवळताना मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते माप, पाळा. बेल्टच्या बोल्टचंही तेच, आणि बेल्ट पिळलेला नाही ना ते ओढून बघा. सीट पुढे-मागे सरकवून दोन्ही बाजूंना लॉक होतेय का ते बघा. सगळे कनेक्टर लागल्यावर सगळ्यात शेवटी बॅटरी.

पहिले आठ-दहा दिवस काचा थोड्या उघड्या ठेवून गाडी सावलीत लावा, गोंद-रंगाचा वास जाऊ द्या. केबिन फिल्टर असेल तर नवीन घाला, नाहीतर जुना वास त्यातूनच परत येतो. पुढच्या काचेला उन्हाचा पडदा रोज लावा. आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉब कार्डवर लिहूनच घ्या की आत पॉलिश मारायचं नाही.

माझा सगळा खर्च सीटची शिलाई सोडून अकरा हजारांच्या आसपास आला, त्यात अर्धा हत्यारांचा आणि मास्कचा, ते पुढेही उपयोगी पडतील. रेक्झिनचं मॅटिंग परत टाकलं नाही, नुसते सुटे रबर मॅट. कार्पेट आणि नमद्याच्या मधे चारही कोपऱ्यांत वर्तमानपत्राची घडी ठेवली होती, जूनमध्ये पहिले चार दिवस धो धो पाऊस झाल्यावर बाबा स्वतः खाली जाऊन चारही घड्या काढून घेऊन आले, सगळ्या कोरड्या कुरकुरीत होत्या.